लीड्स ते वाई, व्हाया स्वॅब

बुधवार, १ डिसेंबर २०२१, लीड्स

वाईला दुय्यम निबंधकांकडे मंगळवारी, १४ तारखेला वाटणीपत्राची नोंदणी ठरली होती. (हक्कसोडपत्र नव्हे, वाटणीपत्र. परदेशातल्या बहिणीचं नाव निघालं की लोक आपोआप हक्कसोड समजतात, म्हणून आधीच सांगून टाकते.) दोन्ही काका, आत्या, दादा आणि मी, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे एकाच दिवशी हवे होते. कुलमुखत्यारपत्र पाठवून भागलं असतं, पण आत्याने दादाला सांगून टाकलं होतं, "ती स्वतः आली तरच मी येणार." आत्याचा हा निरोप कोणत्याही सरकारी परिपत्रकापेक्षा पक्का.

तिकीट ऑक्टोबरमध्येच काढलेलं. तेव्हा ओमिक्रॉन हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या या नव्या अवताराची खबर २४ नोव्हेंबरला दिली, २६ ला जागतिक आरोग्य संघटनेने नाव ठेवलं आणि २८ ला भारत सरकारची नवी नियमावली आली. तिचा अंमल १ डिसेंबरपासून, म्हणजे आजपासून. जोखमीच्या देशांच्या यादीत ब्रिटन होतंच. निघण्याआधीच्या ७२ तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह, उतरल्यावर विमानतळावर पुन्हा चाचणी, तिचा रिपोर्ट येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, मग सात दिवस घरात आणि आठव्या दिवशी आणखी एक चाचणी.

विमान शुक्रवारी रात्री साडेनऊचं. तिथून ७२ तास मागे मोजले की मंगळवारची रात्र येते. मंगळवारी रात्रीच्या आधी नमुना दिला तर रिपोर्ट शिळा. गुरुवारी दिला तर ताजा, पण तो शुक्रवारी दुपारपर्यंत हातात पडेल की नाही याची खात्री नाही. म्हणजे कागदावर ७२ तास असले तरी खरी खिडकी बुधवार सकाळ ते बुधवार संध्याकाळ एवढीच. बाकीचे तास रिपोर्ट खातो. ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात येत नसेल असं नाही, पण नियमात ती कुठे लिहिलेली नसते.

सरकारी आरोग्यसेवेची फुकटची चाचणी प्रवासाला चालत नव्हती, ती खासगीतच करावी लागायची. उन्हाळ्यात या खासगी चाचण्यांच्या किमतींवरून इतकी ओरड झाली की इथल्या स्पर्धा आयोगाला चौकशी करावी लागली. मी गावातल्या एका दवाखान्यात सत्तर पौंड मोजले आणि सकाळी साडेनऊला नाकात काडी घालून घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, चोवीस तासांत ईमेल येईल.

गुरुवार, २ डिसेंबर

साडेनऊ वाजले, ईमेल नाही. दुपार झाली, नाही. फोन केला तर संगीत.

या मधल्या वेळात महाराष्ट्रात काय चाललंय ते वाचत बसले, आणि ते वाचून पोटात गोळा आला. ३० नोव्हेंबरला राज्याने स्वतःचा आदेश काढला होता: जोखमीच्या देशांतून येणाऱ्या सगळ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. विलगीकरण म्हणजे हॉटेल, खर्च आपला. लगेच केंद्राच्या आरोग्य सचिवांनी राज्याला पत्र लिहिलं की तुमचा आदेश आमच्या नियमावलीशी जुळत नाही, जुळवून घ्या. विमानात बसायला दीड दिवस उरलेला आणि मी कुणाच्या नियमाखाली उतरणार हे ठरायचं होतं. बॅगेत हॉटेलच्या हिशोबाने सात दिवसांचे कपडे, इस्त्री आणि मॅगी भरली.

संध्याकाळी दादाचा मेसेज आला: राज्याने आदेश बदलला. सक्तीचं संस्थात्मक विलगीकरण आता दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि झिम्बाब्वे या तीनच देशांसाठी, बाकीच्यांना केंद्राचे नियम. मॅगी बाहेर काढली. इस्त्री तशीच राहिली, ती मुंबईला जाऊन आली.

रिपोर्ट रात्री पावणेआठला आला. चोवीस तासांचे चौतीस झाले होते. निगेटिव्ह. ताबडतोब एअर सुविधा पोर्टलवर (भारतात येणाऱ्या प्रवाशांनी आधी माहिती भरायचं सरकारी संकेतस्थळ) बसले: पासपोर्टची प्रत, रिपोर्टची पीडीएफ, मागच्या चौदा दिवसांचा प्रवास, राहण्याचा पत्ता. पीडीएफ मोठी आहे म्हणून एकदा परत आली, तिचा आकार कमी करून दिली तेव्हा गेली.

आपल्याकडच्या लोकांना वाटतं की विलायतेत सगळं शिस्तीत असेल. ऑक्टोबरमध्येच इथे वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका खासगी प्रयोगशाळेचं सरकारी काम थांबवावं लागलं होतं. सुमारे ४३,००० लोकांना चुकीचे निगेटिव्ह रिपोर्ट गेले असावेत असा सरकारचाच अंदाज होता. रिपोर्ट लवकर आला का, हे सगळे विचारतात. बरोबर आला का, हे विचारायची सोय प्रवाशाला कुठेच नसते.

शुक्रवार, ३ डिसेंबर

लीड्सहून बसने हीथ्रो. वाटेत पाऊस, बाकी काही नाही.

चेक-इनला कागदांची चळत. काउंटरवरच्या बाईंनी रिपोर्टावरची नमुना घेतल्याची वेळ बोटाने शोधली, मनाशी मोजलं आणि मान डोलावली. रिपोर्ट कधी आला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, घड्याळ नमुन्यापासून सुरू होतं. माझ्या मागच्या माणसाचा नमुना मंगळवारी दुपारचा निघाला. तो हुज्जत घालत होता की रिपोर्टवर बुधवारची तारीख आहे. मी पुढे गेले तरी त्याचा आवाज येत होता. विमानात तो दिसला नाही.

शनिवार, ४ डिसेंबर, मुंबई

दुपारी बाराच्या सुमाराला उतरलो. चालत चालत आरोग्य तपासणीच्या रांगेत. एअर सुविधाचा कागद, तापमान, मग जोखमीच्या देशांतले एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. बाकीच्यांतल्या दोन टक्के लोकांची, वाटेल तशी निवड करून, चाचणी व्हायची. आमची शंभर टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांना सूट, त्यामुळे एक जोडपं आपलं बाळ अभिमानाने पुढे धरून उभं होतं.

चाचणीचे दोन प्रकार. साधी आरटीपीसीआर ६०० रुपये, रिपोर्टला सहा-आठ तास. रॅपिड पीसीआर साडेचार हजार, रिपोर्ट तासा-दीड तासात. म्हणजे सहा तासांची किंमत ३,९०० रुपये. ज्यांना पुढे नागपूरचं किंवा हैदराबादचं विमान गाठायचं होतं ते मुकाट्याने कार्ड पुढे करत होते. मला फक्त मुलुंडला जायचं होतं, मी सहाशेचीच केली.

माझ्या पुढे सांगलीकडचे एक आजी-आजोबा होते. बर्मिंगहॅमला नातू झाला म्हणून गेलेले, सहा महिन्यांचा मुक्काम संपवून परत. आजोबा खिशातून नोटा काढून मोजत होते आणि आजी त्यांना खुणावत होत्या, सहाशेचीच करा.

"तुम्ही कुठली केली, बाई?" आजींनी मला विचारलं.

"साधी. थांबायचंच आहे ना."

"मग बसू एकत्र. यांना डबा दिलाय सुनेनं, विमानात उघडलाच नाही."

नमुना घेणारा मुलगा पंचविशीतला असेल. पीपीई किटमध्ये घामाने भिजलेला, चष्म्यावर धुकं. आधी घशातून एक काडी, मग नाकातून दुसरी, इतकी आत की डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही काड्या एकाच छोट्या नळीत बुडवल्या, त्यातलं द्रव गुलाबी. वरचं टोक काडकन मोडलं, झाकण फिरवलं, नळीवर बारकोडचं स्टिकर आडवं लावलं, मग थांबून ते सोलून उभं लावलं. "आडवं लावलं की मशीन वाचत नाही," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. असं स्टिकर चुकलं की तेवढाच एक माणूस तासभर मागे पडत असणार.

मग बसणं. पहिला तास गप्पांत गेला. सगळ्यांना एकमेकांची रांग जाणून घ्यायची होती, कारण कुणी पॉझिटिव्ह निघाला तर त्याची रांग आणि मागच्या-पुढच्या तीन-तीन रांगा संपर्कात धरल्या जायच्या. आजोबांनी माझा बोर्डिंग पास बघून हिशोब केला आणि समाधानाने सांगितलं, "आपला संबंध येत नाही."

दोन-अडीच तासांत आणखी दोन विमानांचे लोक आले आणि हॉल भरला. इथे बसून एक गोष्ट कळली. दिवसाला किती चाचण्या होऊ शकतात हा आकडा विमानतळाच्या कामाचा नाही. दिवसाला दोन हजारांची सोय असली तरी विमानं दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. मोठी तीन विमानं दोन तासांच्या आत उतरली की सात-आठशे माणसं एकदम समोर उभी. त्यानंतर कदाचित पहाटेपर्यंत कुणी नाही. बातम्यांत येतो तो दिवसाचा आकडा, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला भोगावा लागतो तो गर्दीच्या तासाचा.

साडेचार हजारवाल्यांची नावं पुकारली जात होती. ते उठून बॅगा ओढत जायचे तेव्हा आमच्यातले काही त्यांच्याकडे बघायचे आणि काही मुद्दाम बघायचे नाहीत. माझं मत सांगते: चाचणी सक्तीची असेल तर तिचा वेग विकायला ठेवू नये. पण मग सगळ्यांनाच रॅपिड द्यावी लागेल, आणि तितकी यंत्रं कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. आजींनी डबा उघडला. धपाटे होते, बर्मिंगहॅममध्ये भाजलेले.

संध्याकाळी फोनवर बातमी आली. महाराष्ट्रातला पहिला ओमिक्रॉनचा रुग्ण सापडला, डोंबिवलीचा. दक्षिण आफ्रिकेहून दुबई आणि दिल्लीमार्गे २४ नोव्हेंबरला मुंबईत आलेला. हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. एकजण डोंबिवलीला राहणारा होता, त्याने बायकोला फोन लावून कुठला एरिया ते विचारलं. आजोबा वेगळाच विचार करत होते. "चोवीसला आला आणि चारला कळलं," ते म्हणाले. "दहा दिवस." त्यांनी सहकारी बँकेत आयुष्य काढलेलं, त्यांना व्याजाचे दिवस मोजायची सवय.

दहा दिवसांत खोट कुणाची होती असं नाही. आरटीपीसीआर फक्त कोरोना आहे की नाही सांगते. तो कुठला अवतार आहे ते कळायला जनुकीय क्रमनिर्धारण लागतं, आणि त्याचं गाडं वेगळ्याच चालीने चालतं. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात याची प्रयोगशाळा नुकतीच, ऑगस्टमध्ये सुरू झाली होती. तिथे एका फेरीत ३८४ नमुने बसायचे आणि निकालाला चारेक दिवस लागायचे. त्याआधी नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायचे. आम्हाला हॉलमध्ये अडकवून ठेवलं होतं ते सहा तासांच्या उत्तरासाठी, आणि सरकारला खरं हवं होतं ते उत्तर कित्येक दिवसांचं. तरी सहा तासांची चाळणी लावल्याशिवाय पुढचे नमुने निवडणार कसे, हेही खरं.

माझा रिपोर्ट साडेसातला आला. निगेटिव्ह. आजी-आजोबांचा त्याच्या आधी अर्धा तास, ते सांगलीच्या गाडीकडे गेलेसुद्धा. हातावर शिक्का, टॅक्सी, मुलुंड. दाराशी आई उभी होती, पण वहिनीने तिला आधीच दोन पावलं मागे उभं केलेलं. मी थेट आतल्या खोलीत.

रविवार ५ ते शुक्रवार १० डिसेंबर, मुलुंड

प्रवासवर्णनात खोलीचं वर्णन काय करणार. खिडकीतून समोरच्या इमारतीचे डक्ट आणि पार्किंगमधला आवळा दिसतो. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर. आई दाराला टेकून बाहेर खुर्चीत बसायची आणि आम्ही दारातून बोलायचो, तेवढ्यात वाईच्या जमिनीचा पन्नास वर्षांचा इतिहास तिने मला ऐकवला. विहिरीतला आमचा हिस्सा आठ आण्यांचा की सहा आण्यांचा, हे पहिल्यांदा नीट कळलं.

महापालिकेच्या वॉर रूममधून फोन यायचे, दिवसातून चार-पाच वेळा. विमानतळाकडून रोज प्रवाशांची यादी यायची आणि ती वॉर्डावॉर्डांत वाटली जायची. ताप? खोकला? ऑक्सिजन किती? घरात किती माणसं? पहिल्या दिवशी मी कौतुकाने उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी कंटाळले, पाचव्या दिवशी फोनवरच्या मुलीचा आवाज ओळखू लागले. तिने सांगितलं, सकाळपासून साठ फोन झाले आणि त्यातले निम्मे लोक ओरडतात. एकाने तिला चुकीचा नंबर आहे म्हणून सांगितलं आणि मागून कुकरची शिट्टी ऐकू आली, त्याचं आडनाव यादीत होतंच. दोनदा माणूस घरी येऊन बघूनही गेला.

रविवारी पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातले मिळून आणखी सात रुग्ण निघाले. सोमवारी राज्याने चाचणीचे दर पुन्हा उतरवले: केंद्रावर जाऊन दिली तर ३५० रुपये, घरी येऊन नमुना नेला तर ७००. मार्च २०२० मध्ये याच चाचणीला ४,५०० पडायचे. दर इतके खाली आले याचं श्रेय सरकारला द्यायला हवं. क्षमता वाढल्याशिवाय ते झालं नसतं. जानेवारी २०२० मध्ये अख्ख्या देशाचे नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे जात होते आणि २१ ऑगस्ट २०२० ला एका दिवसात दहा लाख चाचण्या झाल्या. सात-आठ महिन्यांत हे उभं करणं ही चेष्टा नाही.

मग रिपोर्टला तरी चोवीस-छत्तीस तास का लागायचे? वहिनीचा मावसभाऊ ठाण्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गुरुवारी रात्री त्याला फोनवर गाठलं.

"ताई, मशीनला दीड-दोन तास पुरतात," तो म्हणाला. "चाळीस आवर्तनं झाली की रिझल्ट. बाकी सगळा वेळ माणसांचा."

त्याने टप्पे सांगितले आणि मी लिहून घेतले. घरोघर फिरून नमुने गोळा करणारा मुलगा दुपारपर्यंत फिरतो, मग गाडी लॅबकडे निघते. मुलुंड चेकनाक्याला गाडी अडकली की पहिला फटका तिथे. लॅबमध्ये नळ्या उघडायच्या आधी प्रत्येकाचं नाव, वय, मोबाइल, पत्ता संगणकात चढवायचा. मग आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, वेगळं काढायचं, त्याला दीड-दोन तास. प्लेटला खळगे ९६. त्यातले दोन नियंत्रणासाठी, उरले ९४. संध्याकाळी सत्तरच नमुने असले तर? प्लेट तशीच लावायची की रात्रीच्या गाडीची वाट बघायची? अर्धी प्लेट लावली तरी वेळ तेवढाच, म्हणून मालक वाट बघायला सांगतात. ९५ वा नमुना आला तर त्याचं नशीबच खोटं, तो पुढच्या फेरीत. रिझल्ट आल्यावर डॉक्टरांची सही आणि मग आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोर्टलवर नोंद. "ती नोंद झाल्याशिवाय आम्ही रिपोर्ट पाठवत नाही. पोर्टल रात्री हळू चालतं, सगळे तेव्हाच भरतात ना."

विमानतळावरची रॅपिड एवढी महाग का, तेही त्याच्या बोलण्यातून उलगडलं. तिथे प्लेट भरायची वाट बघत नाहीत. एक नमुना, एक कार्ट्रिज, थेट यंत्रात. मुंबईहून दुबईला जाणाऱ्यांसाठी ती सोय ऑगस्टपासूनच होती, कारण अमिरातीला निघण्याआधी काही तासांच्या आतलीच चाचणी लागायची. ग्रामीण रुग्णालयांत क्षयरोगासाठी तशाच जातीचं यंत्र असतं, पण त्यात एका वेळी मोजकेच नमुने बसतात. विमानभर लोकांना ते पुरणार नाही.

शनिवार, ११ डिसेंबर

आठवा दिवस. की सातवा?

मी शनिवारी उतरले. उतरले तो दिवस पहिला धरला तर आज आठवा. तो शून्य धरला तर आठवा उद्या. सकाळी वॉर रूमवालीला विचारलं. ती म्हणाली, उतरलेला दिवस धरत नाहीत, उद्या करा. लॅबला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, धरतात मॅडम, आज करून टाका, उद्या रविवार आहे, आमचा एकच मुलगा फिरतो. आदेश काढून वाचला. त्याच्या डोक्यावर साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, दोन्हींचा हवाला होता. दिवस कुठून मोजायचे याचा कुठे पत्ता नव्हता.

दादा म्हणाला, "आज दे. उद्या कुणी म्हणालं चुकलं, तर उद्या परत देऊ. सातशे रुपयांचा प्रश्न आहे." वहिनी म्हणाली, "नाक तिचं आहे." शेवटी वॉर रूमचं ऐकलं, कारण शिक्का त्यांचा.

रविवार, १२ डिसेंबर

मुलगा सकाळी अकराला येणार होता, दीडला आला. स्कूटरच्या डिकीत थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या. जिन्यातच किट चढवलं, नमुना घेतला, किट उतरवून लाल पिशवीत कोंबलं. पाणी विचारलं तर नको म्हणाला, अजून सात घरं होती.

सोमवार, १३ डिसेंबर

सकाळी रिपोर्ट नाही. दुपारी नाही. उद्या पहाटे पाचला वाईला निघायचं आणि आत्या साताऱ्याहून गाडी करून येणार. काकांचा फोन: "तुझं काय झालं?" मावसभावाची लॅब वेगळी, तो काही करू शकत नव्हता, पण त्याने एक सल्ला दिला. "रिपोर्ट तयार असणार. नोंदीत काहीतरी अडकलं असेल. मोबाइल नंबर काय दिला ते विचारा."

तेच निघालं. माझा ब्रिटनचा नंबर अकरा आकडी, त्यांच्या रकान्यात दहाच बसतात. डेटा एंट्रीवाल्याने शेवटचा आकडा उडवला आणि रिपोर्ट कुण्या अस्तित्वात नसलेल्या माणसाकडे गेला. दादाचा नंबर दिला, वीस मिनिटांत रिपोर्ट आला. त्यावर वेळ छापलेली: सकाळी ७.१०. म्हणजे सकाळीच तो तयार होता आणि दिवसभर एका रकान्यात अडकून पडला होता. अशा तासांची नोंद कुठल्या आकडेवारीत होत असेल?

वॉर रूमला कळवलं. रात्रीचं जेवण मी बाहेर टेबलावर जेवले. आईने मटकीची उसळ केली होती.

मंगळवार, १४ डिसेंबर, वाई

पहाटे निघालो. एक्सप्रेसवेवर धुकं, पुण्याबाहेर पडेपर्यंत ऊन. खंबाटकी चढताना पुढे उसाचे दोन ट्रॅक्टर, त्यामुळे घाट रांगत पार केला. सुरूर फाट्याला वळलो तेव्हा रस्त्याकडेला पहिल्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या लागलेल्या. आईने थांबायला लावलं, भाव ऐकला आणि पुढे चल म्हणाली.

कचेरीबाहेर दोन्ही काका वकिलांसोबत उभे होते. आत्या गाडीतच बसून राहिली होती. मी काचेजवळ गेले तर आधी मास्क नीट केला, मग काच खाली केली. "तपासलीस ना?" म्हणाली. मी फोन पुढे धरला. तिने चष्मा लावून रिपोर्ट अथपासून इतिपर्यंत वाचला, नाव आणि तारीखसुद्धा. लीड्सहून इथपर्यंत इतक्या बारकाईने तो कुणी वाचला नव्हता. मग खाली उतरली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

आत आधार आणि पॅन मागितलं. रिपोर्ट कुणी विचारला नाही. फोटोसाठी मास्क काढायला सांगितला, अंगठ्याच्या यंत्रावर आधीच्या माणसाचा ठसा तसाच होता, शिपायाने शर्टाच्या बाहीने पुसला. आत्याचा अंगठा तीनदा उमटला नाही. कष्टाच्या हातांचे ठसे यंत्राला सापडत नाहीत. चौथ्यांदा दुसऱ्या बोटावर काम झालं. दुपारी दोनला दस्त हातात. विहिरीचा हिस्सा सहा आणेच लागला. मेणवलीच्या रस्त्याला एका खाणावळीत सगळे जेवलो, काकांनी पैसे दिले.

बुधवार, १५ डिसेंबर आणि पुढे

परतीचं विमान शनिवारी, १८ ला. एव्हाना ब्रिटननेही नियम बदलले होते. ७ डिसेंबरपासून निघण्याआधीच्या दोन दिवसांतली चाचणी आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पीसीआर, तिचा निकाल येईपर्यंत घरात. भारत तास मोजायचा, ब्रिटन दिवस. दिवस मोजणं मला बरं वाटलं, निदान नमुना सकाळी दिला की संध्याकाळी याने फरक पडत नव्हता. शिवाय त्यांना अँटिजेन चाचणीही चालायची, तीस मिनिटांत कागद हातात. गुरुवारी मुलुंडच्याच एका केंद्रावर ती करून टाकली.

दुसऱ्या दिवसाच्या पीसीआरचं किट मात्र निघण्याआधीच विकत घ्यावं लागायचं. त्याचा क्रमांक फॉर्मवर टाकल्याशिवाय विमानात घेत नसत. सरकारी यादीत शेकडो कंपन्या. दादाच्या संगणकावर बसून त्यातली एक निवडली, फार स्वस्त नाही आणि फार महाग नाही. किट पोस्टाने लीड्सच्या पत्त्यावर माझ्या आधी पोचेल, असं त्यांच्या पानावर ठळक अक्षरात होतं.

रविवारी पहाटे घरी पोचले. दाराखाली वीजबिल, एक नाताळचं कार्ड. किट नव्हतं. कंपनीला फोन केला, इथेही संगीतच. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. दुसऱ्या दिवसाच्या चाचणीचं पाकीट बुधवारी आलं, आणि त्यावर सूचना होती की नमुना वेळेत न पाठवल्यास दंड होऊ शकतो.